जमिनीचा हक्क, घटना आणि न्यायालयें

संघाच्या एका सभेंत एका वृद्ध सभासदानें उठून विचारलें, "घटना म्हणजे देशाचा सर्वांत मोठा कायदा, असें आपण सांगतां. मग त्या कायद्यांत आमच्या जमिनीला संरक्षण आहे कीं नाहीं, एवढें एका शब्दांत सांगा." त्या वेळीं कोणी नीट उत्तर दिलें नाहीं, आम्हांसही तें एका शब्दांत देतां आलें नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. आम्ही वकील नव्हे. तथापि जमिनीचा कागद कोठून निघतो, कोठें जातो आणि कोठें अडतो, हें पुष्कळ वर्षें पाहिलेलें असल्यामुळें या प्रश्नाचें उत्तर साध्या भाषेंत मांडण्याचें आम्ही मनावर घेतलें आहे.

प्रश्न पोकळ नाहीं. हडपसर, पाषाण, औंध, कोथरूड हीं नांवें आज पुणें शहराच्या पेठांसारखीं उच्चारलीं जातात. पण तेथील जुन्या माणसांस अद्याप तेथल्या मळ्यांचीं व विहिरींचीं नांवें पाठ आहेत. २०२५ सालीं पुरंदर तालुक्यांतील वनपुरी, कुंभारवळण, पारगांव इत्यादि सात गांवांत विमानतळासाठीं जमिनी घेण्याचें काम निघालें, तेव्हां तेथील बागाइतदारांनीं मोठा विरोध केला. आज जो प्रश्न त्यांच्यापुढें आला तो उद्यां आपल्या बांधावर येणार नाहीं, असें कोणीं समजूं नये.

घटनेपूर्वीं काय स्थिति होती, हें प्रथम पाहिलें पाहिजे. इंग्रजी अमदानींत १८९४ चा भूसंपादन कायदा झाला. अमुक जमीन सार्वजनिक कामासाठीं हवी आहे, असें सरकारनें जाहीर केलें कीं तें जाहीर करणें हाच अखेरचा पुरावा, अशी त्या कायद्याची भाषा होती. काम खरोखर सार्वजनिक आहे काय, हें विचारण्यास शेतकऱ्यास जवळ जवळ जागाच नव्हती. याच कायद्याच्या बळावर पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यांत टाटा कंपनीच्या विजेच्या धरणासाठीं मावळ्यांच्या जमिनी घेण्यांत आल्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, तेथें सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते. सुमारें तीन वर्षांनीं लढा मोडला आणि मावळांतील भातखाचरें पाण्याखालीं गेलीं.

मुळशीच्या हकिगतींतील दोन गोष्टी शेतकऱ्यानें विसरूं नयेत. पहिली ही कीं, तेथील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. त्यामुळें मोबदल्याचा मोठा वांटा नांगर धरणाराच्या हातीं न पडतां कागद धरणाराच्या हातीं पडला. दुसरी गोष्ट ही कीं, हा लढा चालूं असतांच, १९२३ सालीं, भूसंपादन कायद्यांत ५-अ हें कलम घालण्यांत आलें. जमीनधारकानें हरकत घ्यावी आणि ती अधिकाऱ्यानें ऐकून घ्यावी, हा हक्क त्या कलमानें प्रथम दिला. या कलमाचें काम पुढें पडणार आहे.

२६ जानेवारी १९५० रोजीं घटना अंमलांत आली. तिच्या १९ व्या कलमांत भाषणाचें स्वातंत्र्य, सभेचें स्वातंत्र्य, देशांत कोठेंही राहण्याचें स्वातंत्र्य यांच्याच रांगेंत मालमत्ता मिळविण्याचें, बाळगण्याचें व विकण्याचें स्वातंत्र्यही लिहिलें होतें. शिवाय ३१ व्या कलमानें असें ठरविलें होतें कीं, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता घेतां येणार नाहीं आणि घेतल्यास मोबदला द्यावा लागेल. हे मूलभूत हक्क होते. मूलभूत हक्क मोडला तर नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावतां येतें, हा त्यांचा विशेष होय.

मग तो हक्क गेला कोठें? याचें उत्तर कांहींसें अडचणीचें आहे, कारण तो कमी करण्यांत आपल्यापैकीं अनेकांच्या घरांचा फायदा झालेला आहे. घटना येतांच मोठमोठे जमीनदार न्यायालयांत गेले. १९५१ सालीं पाटणा उच्च न्यायालयानें बिहारचा जमीनदारी मोडणारा कायदा रद्द ठरविला. त्याच वर्षीं संसदेनें पहिली घटनादुरुस्ती करून ३१-अ आणि ३१-ब हीं कलमें घातलीं व नववें परिशिष्ट जोडलें. जमीनसुधारणेचा कायदा या परिशिष्टांत नोंदला कीं मूलभूत हक्क मोडला या कारणास्तव तो न्यायालयांत रद्द होऊं नये, अशी ही योजना होती.

येथें वाचकांनीं आपल्या घरचा जुना फेरफार आठवावा. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कुळकायद्यांत १९५६ सालीं मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशीं जमीन कसणारें कूळ कायद्यानें त्या जमिनीचें मालक मानलें गेलें. जमीनमालकांनीं ही दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयापुढें नेली. आमचा मालमत्तेचा मूलभूत हक्क यानें मोडला, असें त्यांचें म्हणणें होतें. १९५८ सालीं न्यायालयानें कायदा कायम केला. कलम ३२-ग खालीं किंमत ठरून ज्यांच्या आज्याचें नांव सातबाऱ्यावर चढलें, त्या प्रत्येक घराची मालकी या निकालावर उभी आहे. तो निकाल उलट लागता, तर या अंकाच्या वाचकांपैकीं कितीजण आज खातेदार असते आणि कितीजण खंडकरी, याचा ज्यानें त्यानें विचार करावा. ज्यांची जमीन त्या कायद्यानें गेली अशीं कुटुंबेंही आमच्या वाचकांत आहेत. विधवांचीं व लहान मालकांचीं दुःखें आम्हीं कचेरींत डोळ्यांनीं पाहिलीं आहेत, तीं आम्ही नाकारीत नाहीं. पण घटनेच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं तिनें कोणास काय दिलें, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

यानंतर कमाल धारणेचा प्रश्न आला. महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा १९६४ सालीं नवव्या परिशिष्टांत गेला. १९७५ च्या दुरुस्त्यांनीं मर्यादा आणखी खालीं आणली: बारमाही बागाइतास १८ एकर, जिराइतास ५४ एकर. यावर महाराष्ट्रांतून अनेक अर्ज झाले व ते वामनराव खटला या नांवानें सर्वोच्च न्यायालयापुढें आले. १९८० सालीं त्याचा निकाल लागला, तेव्हां पुण्यांत जन्मलेले न्यायमूर्ति यशवंत विष्णु चंद्रचूड हे सरन्यायाधीश होते. न्यायालयानें कमाल धारणेचा कायदा उचलून धरला. पण त्याचबरोबर एक रेषाही आंखली. त्यापूर्वीं २४ एप्रिल १९७३ रोजीं, केरळांतील एका मठाच्या जमिनीवरून उद्भवलेल्या केशवानंद भारती खटल्यांत, तेरा न्यायाधीशांपैकीं सातांनीं असें ठरविलें होतें कीं, संसदेस घटना दुरुस्त करतां येईल, पण तिचा मूळ गाभा मोडतां येणार नाहीं. ती तारीख हीच वामनराव खटल्यांतील रेषा होय. त्यानंतर नवव्या परिशिष्टांत घातलेला कायदा या गाभ्याच्या कसोटीस लावतां येतो. २००७ सालीं कोएल्हो खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें हेंच अधिक स्पष्ट केलें. म्हणजे नववें परिशिष्ट हें आतां सर्व कांहीं लपविण्याचें पेव राहिलेलें नाहीं.

येथवर जमिनीचा हक्क खिळखिळा झाला, तरी मूलभूत हक्कांच्या यादींत त्याचें नांव होतें. १९७८ च्या चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीनें तेंही पुसलें. २० जून १९७९ पासून १९ व्या कलमांतील मालमत्तेचें स्वातंत्र्य आणि ३१ वें कलम हीं दोन्ही गेलीं. त्यांच्या जागीं ३००-अ हें एका ओळीचें कलम आलें. त्याचा अर्थ इतकाच कीं, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेतां येणार नाहीं. हा हक्क घटनेंतील खरा, पण मूलभूत नव्हे. म्हणून त्याच्या भंगासाठीं सामान्यतः प्रथम उच्च न्यायालयाकडे जावें लागतें. पुष्कळांनीं त्या वेळीं असें म्हटलें कीं, आतां शेतकऱ्याचें कांहीं उरलें नाहीं.

परंतु तसें झालें नाहीं. त्या एका ओळींत काय काय आहे, हें न्यायालयांनीं पुढील वर्षांत हळूहळू उघडून दाखविलें. त्यांतील दोन खटले आपल्या महाराष्ट्रांतले आहेत.

पहिला ठाणें तालुक्यांतील शिरवणें गांवच्या शेतकऱ्यांचा. औद्योगिक विकासासाठीं त्यांच्या जमिनीबाबत १९६४ सालीं अधिसूचना निघाली. जमीन ताब्यांत गेली. पण संपादन कायद्याप्रमाणें पुरें झालें नाहीं आणि मोबदलाही मिळाला नाहीं. आजूबाजूच्या कांहीं जणांस पैसे मिळाले. हे अशिक्षित लोक मात्र कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. फार उशीर झाला, असें म्हणून उच्च न्यायालयानें त्यांचा अर्ज काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तो निकाल फिरविला. मालमत्तेचा हक्क मूलभूत नसला तरी तो घटनादत्त हक्क आहे, इतकेंच नव्हे तर मानवी हक्क आहे. आणि जें सरकार स्वतः कायदा सोडून वागलें त्यानें गरिबाच्या उशिराकडे बोट दाखवूं नये, असा त्या निकालाचा आशय आहे. मोबदलाही १९६४ च्या भावानें नव्हे, तर निकालाच्या काळच्या भावानें ठरवावा, असें न्यायालयानें सांगितलें.

दुसरा खटला खुद्द पुण्याच्या पाषाणचा. तेथील सुमारें चोवीस एकर खाजगी जमीन १९६३ सालीं सरकारनें कायदेशीर संपादनाशिवाय ताब्यांत घेतली आणि पुढें ती संरक्षण खात्याच्या संस्थेकडे गेली. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकले, पण जमीन परत मिळाली नाहीं. बदली म्हणून दुसरी जमीन देण्यांत आली, तर ती राखीव वन म्हणून अधिसूचित असल्याचें निघालें! २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राज्य सरकारची कडक शब्दांत कानउघाडणी केली, तेव्हां कोठें योग्य अशी पर्यायी जमीन देण्याचें सरकारनें मान्य केलें. साठ वर्षें लागलीं. हक्क शाबूत राहिला, ही समाधानाची गोष्ट. पण ज्यानें जमीन गमावली त्याच्या पुढच्या पिढ्यांस तो पाहावयास मिळाला, ही तितकीच खेदाची.

त्याच वर्षीं मे महिन्यांत कलकत्ता महानगरपालिकेच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ३००-अ या कलमाच्या पोटांतील सात गोष्टी वेगवेगळ्या मोजून दाखविल्या. त्या प्रत्येक शेतकऱ्यानें पाठ कराव्या: (१) जमीन घ्यावयाची आहे अशी सूचना मालकास मिळाली पाहिजे, (२) त्याची हरकत ऐकली गेली पाहिजे, (३) निर्णय कारणें देऊन झाला पाहिजे, (४) जमीन सार्वजनिक कामासाठींच घेतली पाहिजे, (५) योग्य मोबदला किंवा पुनःस्थापना मिळाली पाहिजे, (६) काम विनाविलंब व नीट चाललें पाहिजे, (७) तें शेवटास गेलें पाहिजे, अर्धवट लोंबकळत राहतां कामा नये. यांतील एखादी पायरी गाळली तर मोबदला दिला एवढ्यानें संपादन कायदेशीर होत नाहीं. मुळशीच्या मावळ्याजवळ यांतील किती गोष्टी होत्या, हें ताडून पाहिलें म्हणजे शंभर वर्षांत पदरांत काय पडलें तें कळतें.

आतां आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. ती ज्या तालुक्यांत घडली त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. जुना कायदा चालूं होता. कालव्यासाठीं जमिनी घ्यावयाच्या होत्या व हरकतीची मुदत तीस दिवसांची होती. एका गटाची नोटीस ज्याच्या नांवें निघाली तो खातेदार वारून अकरा वर्षें झालीं होतीं. दोघां मुलांत विहिरीच्या पाळीवरून बोलणें बंद, म्हणून वारसनोंद झालेली नव्हती. आम्हीं तलाठ्यास बरोबर घेऊन ती नोटीस चावडीच्या भिंतीस डकवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि बजावणीचा पंचनामा पुरा केला. कागद निर्दोष होता. ज्याच्या नांवें नोटीस तो माणूस जगांत नाहीं, हें चावडीपुढें बसलेल्या प्रत्येकास ठाऊक होतें, आणि आम्हांसही ठाऊक होतें.

अडतिसाव्या दिवशीं थोरला मुलगा कचेरींत आला. तोही साठीचा होता. कालव्यास त्याचा विरोध नव्हता. "पाणी येऊं द्या, साहेब, पण कालवा वरच्या बाजूनें थोडा वळवा, म्हणजे बापाची विहीर वांचेल," एवढेंच त्याचें मागणें होतें. मुदत संपली असें आम्हीं त्यास सांगितलें. तें खरें होतें. तो कांहीं न बोलतां उभा राहिला, मग डोक्याचें मुंडासें सारखें करून निघून गेला. आखणी वळवितां आली असती कीं नाहीं, हें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. कारण तो प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं, आणि विचारला जाण्याची जी एक जागा कायद्यानें ठेविली होती ती आम्हीं खळ लावून बुजविली होती. विहीर बुजली. त्या कालव्याच्या पाण्यावर आज पुष्कळांचा ऊंस उभा आहे, हेंही खरें आहे.

सभेंतील प्रश्नाचें उत्तर आम्ही या गोष्टीवरून देऊं इच्छितों. घटनेंत आपल्या जमिनीला संरक्षण आहे. पण तें बांधावरच्या कुंपणासारखें नाहीं, तें मुदतीच्या अर्जासारखें आहे. सरकारनें जमीन घेऊंच नये, असें घटना म्हणत नाहीं; धरणें, कालवे, रस्ते आपणांसही हवे आहेत. विचारल्याशिवाय, ऐकल्याशिवाय, कारण सांगितल्याशिवाय आणि दाम दिल्याशिवाय घेऊं नये, असें ती म्हणते. आणि ऐकून घेण्याचा हक्क त्यासच उपयोगी पडतो जो वेळेवर बोलतो. शिरवण्याच्या शेतकऱ्यांचा उशीर माफ झाला खरा. पण अशी माफी मिळेलच, असा भरंवसा धरून कोणीं स्वस्थ बसूं नये.

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ च्या कायद्याच्या जागीं भूसंपादनाचा नवा कायदा आला आहे. त्यांत प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीस साठ दिवस मिळतात. ग्रामीण भागांत बाजारभावास एक ते दोन यांमधील ठरलेल्या अंकानें गुणून येणाऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमति लागते. राष्ट्रीय महामार्गासारखीं कांहीं कामें वेगळ्या कायद्यांखालीं चालतात व त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात. म्हणून हातीं आलेली नोटीस कोणत्या कायद्याखालची आहे, हें प्रथम वाचावें. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. घटनेच्या ३१-अ कलमास १९६४ सालीं एक पुस्ती जोडलेली आहे. कमाल मर्यादेच्या आंतील आणि स्वतः कसलेली जमीन त्या कलमाखालच्या कायद्यानें घेतली, तरी बाजारभावाहून कमी मोबदला देतां येत नाहीं, असें ती सांगते. मोठे हक्क गेले. लहान शेतकऱ्याची ही पुस्ती अद्याप शाबूत आहे.

म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. घरांत कोणी वारल्यास सुतक फिटतांच वारसनोंदीचा अर्ज द्यावा. भावाभावांचें भांडण असल्यास तें नोंदीनंतर भांडावें. सातबारा व आठ-अ वर्षांतून एकदां काढून वाचावा. विहीर, झाडें, पाइपलाइन यांची नोंद आहे कीं नाहीं तें पाहावें, कारण नोंदीवांचून मोबदला मागतांना फार अडतें. हरकत तोंडी सांगूं नये. लेखी द्यावी, कारणें लिहावीं, दुसऱ्या मार्गाची सूचना असल्यास नकाशा जोडावा आणि पोच घ्यावी. निवाड्याची रक्कम कमी वाटल्यास ती हरकत राखून घ्यावी, व तसें लिहून द्यावें. निवाड्याच्या वेळीं आपण हजर असल्यास वाढीव मोबदल्याच्या मागणीची मुदत सहा आठवड्यांचीच असते, हें विसरूं नये. ज्यास वाचतां येत नाहीं अशा शेजाऱ्यास नोटीस वाचून दाखवावी; चावडीवर चिकटलेला कागद साऱ्या गांवाचा असतो.

न्यायालयांनीं आपलें काम पुष्कळ अंशीं केलें आहे. ज्या एका ओळींत कांहीं उरलें नाहीं असें लोक म्हणत होते, तिच्यांतून त्यांनीं सात हक्क काढून दिले. ते वापरण्याचें काम चावडीपासून सुरू होतें. तेथें एखाद्या मयत माणसाच्या नांवाची नोटीस कोणीं डकवूं लागला, तर जवळ बसलेल्यानें उठून एवढेंच म्हणावें कीं, "हा माणूस नाहीं, त्याचे वारस अमुक आहेत, हें पंचनाम्यांत लिहा." त्या दिवशीं चावडीपुढें बसलेल्यांपैकीं कोणी असें म्हणालें असतें, तर तें लिहिणें आम्हांस भाग पडलें असतें.